झाडाखालची कोरडी सावली : दरवर्षी लावलेलं दरवर्षी का जातं?

जुलैत आंब्याखाली किंवा इमारतीच्या मागच्या साइड मार्जिनमध्ये लॉन अंथरायचं. गणपतीत ते छान दिसतं, दिवाळीला विरळ होतं, संक्रांतीनंतर पिवळं पडतं आणि होळीपर्यंत खाली पुन्हा उघडी माती. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. सोसायट्यांच्या बागांत हा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो आणि बोल मात्र माळीकाकांना लागतो : "पाणी नीट घातलं नसेल." हे मला फार खटकतं, कारण बहुतेक ठिकाणी पाणी रोज घातलेलं असतं. ते मुळांपर्यंत पोचत नाही, आणि लावलेलं रोप त्या जागेचं नसतं.

लॉनचा विषय आधीच संपवते. हरळी आणि तिच्यातूनच निवडलेलं सिलेक्शन वन ही उन्हाची गवतं आहेत. दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही की ती आधी लांबुळकी होतात, मग पातळ होतात, मग जातात. कोरियन लॉन थोडी सावली सोसतं, पण त्याला सतत ओल लागते. घट्ट सावली आणि कोरडी माती एकत्र आली की खत बदला, माती बदला, माळी बदला, निकाल तोच. तिथे पसरणारी किंवा गुच्छाने वाढणारी पानांची रोपं लावायची. कुठली, ते पुढे सांगते. त्याआधी मागच्या वर्षीचं का मेलं ते नक्की करून घ्या, नाहीतर नवी रोपंही त्याच वाटेने जातील.

मेलेलं रोप उपटून बघा

वाळलेलं रोप कचऱ्यात टाकण्याआधी बुडाशी धरून ओढा. मुळांचा गोळा नर्सरीतल्या काळ्या पिशवीच्या आकाराचा, तसाच्या तसा बाहेर आला तर मुळं बाहेरच्या मातीत कधी शिरलीच नव्हती. आपल्याकडे नर्सरीत येणारी बरीच रोपं लाल चिकणमातीच्या गोळ्यात असतात. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकने येणारा माल तर हमखास. हा गोळा एकदा सुकला की विटेसारखा होतो. वरून घातलेलं पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं आणि रोप ओल्या जमिनीत असूनही तहानेने मरतं. पुण्या-नगरकडच्या काळ्या मातीत हे जास्त होतं, कारण उन्हाळ्यात काळी माती आक्रसते आणि गोळ्याभोवती फट पडते.

गोळा बाहेर आला, पण त्यात तपकिरी, तारेसारखी चिवट बारीक मुळं विणलेली दिसली, तर ती तुमच्या रोपाची नाहीत. ती झाडाची आहेत. तुम्ही खड्ड्यात घातलेलं शेणखत आणि पाणी झाडाने आधी गाठलं. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं मुख्यतः वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे गेलेली असतात. खोटा अशोक, रबर, बांबू, गुलमोहर यांच्याखाली ही जाळी फार दाट असते.

खोड मातीलगत काळं आणि लिबलिबीत झालं असेल, तर ते रोप उन्हाळ्यात मेलेलंच नाही. ते पावसाळ्यात कुजायला लागलं होतं, आपल्याला दिसलं नंतर. आणि मुळं पांढरी, धडधाकट, पण पानं एकाच बाजूने करपलेली, तर दोष उन्हाचा. "सावलीच्या जागेत ऊन कुठून आलं?" असं वाटेल. त्याचं उत्तर खाली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

डिसेंबरातली सावली खरी धरू नका

पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबराच्या अखेरीस भर दुपारी 12 मीटर उंचीच्या, म्हणजे चार मजली इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ 11 मीटर लांब पडते. एप्रिलच्या मध्यावर तीच सावली 2 मीटरच्या आत येते. मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उलट किंचित उत्तरेकडेच असतो. मुंबईतही एक-दोन दिवसांच्या फरकाने हेच. म्हणजे थंडीत बघून ज्या पट्ट्याला आपण "बारमाही सावली" म्हणतो, तिथे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या महिन्यांत डोक्यावर ऊन असतं. नाजूक सिंगोनियम किंवा फर्न तिथे लावलं तर ते एप्रिलमध्ये भाजणारच.

झाडांचंही तसंच. आंबा, फणस, सप्तपर्णी यांची सावली वर्षभर घट्ट. गुलमोहर मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून उघडा होतो. देशी बदाम वर्षातून बहुधा दोनदा पानगळ करतो आणि त्याची थाळीएवढी पानं खालच्या बुटक्या रोपांना झाकून टाकतात; त्याच्याखाली वीतभर तरी उंच वाढणारंच काही लावावं.

उपाय सोपा आहे. एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता त्या जागेचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोपं त्या फोटोंवरून ठरवा. दुपारी ऊन येत असेल तर तो पट्टा "अर्धी सावली" समजा आणि रिओ, पानओवा, शतावरीच्या जातीतली रोपं अशा चिवट मंडळींकडे वळा.

पाणी जातं कुठे

पाइपने नेहमीसारखं पाणी मारून झाल्यावर अर्ध्या तासाने खुरपं घ्या आणि झाडाखालची माती चार बोटं खोल उकरा. वरचा पापुद्रा काळपट, ओला, चमकणारा. त्याच्या खाली, बोटभर अंतरावर, पिठासारखी कोरडी भुरकी माती, जी मुठीत दाबली तरी धरत नाही. बऱ्याचदा पाण्याचे थेंब त्या धुळीवर मोत्यासारखे फिरतात आणि उताराने पेव्हर ब्लॉककडे निघून जातात. पूर्ण सुकलेली, सेंद्रिय अंश असलेली माती सुरुवातीला पाणी शोषून घेतच नाही.

त्यात भर म्हणजे पाच-सात मिनिटांची हलकी सर झाडाच्या पानांवरच अडते आणि तिथूनच वाळून जाते. वळवाचा पाऊस पडला म्हणून एक पाळी चुकवली, तर आंब्याखालच्या रोपांना प्रत्यक्षात काहीच मिळालेलं नसतं.

म्हणून रोजचा शिडकावा बंद करा. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, पण चौरस मीटरला किमान दहा लिटर, तेही दोन हप्त्यांत : आधी थोडं, माती नरम होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं. दहा लिटर म्हणजे त्या जागेवर एक सेंटिमीटर पाणी, जास्त नाही. रोजच्या शिडकाव्याने रोपाची मुळं वरच्या पापुद्र्यातच राहतात आणि मे महिन्यात टँकर उशिरा आला की दोन दिवसांत सगळं झोपतं.

इमारतीलगतच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट तपासा. तिथे बहुधा माती नसतेच. मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा आणि वर चार इंच लाल माती, एवढंच. पहार घालून बघा; फुटाच्या आत खणखणलं तर ती जागा खोदून राडारोडा काढल्याशिवाय रोपांवर पैसे घालू नका. सिमेंटमुळे माती खारवट-अल्कधर्मी होते आणि पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडतात. त्याला लोक खत घालत बसतात.

मग लावायचं काय

आपल्या हवामानाची खरी अडचण अशी की ही जागा आठ महिने कोरडी आणि चार महिने निथळती असते. पुण्यात वर्षाचा साधारण 700 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कोकणात त्याच्या चौपट किंवा जास्त. त्यामुळे "कोरड्या सावलीची झाडं" म्हणून इंटरनेटवर ज्या याद्या मिळतात, त्या इथे चालत नाहीत. एपिमेडियम, हेलेबोर, पॅकिसँड्रा, व्हिंका मायनर ही थंड प्रदेशातली रोपं आहेत. न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ बाग असलेल्या वाचकांनी त्यातली एपिमेडियम जरूर लावावी, उत्तम आहे. मात्र इंग्लिश आयव्ही आणि व्हिंका अमेरिकेत रानात पसरून त्रास देतात, तेव्हा जपून. इथे मात्र सह्याद्रीतल्या पानगळीच्या रानात झाडांखाली काय टिकतं ते बघावं. तिथे दोनच प्रकारची रोपं तग धरतात. काही मुळांत, कंदांत किंवा पानांत पाणी साठवतात, आणि काही पावसाळा संपला की सरळ जमिनीखाली झोपी जातात. निवड या दोन गटांतून केली की निम्मं काम झालं.

माझं पहिलं मत स्पायडर प्लांटला, म्हणजे क्लोरोफायटमला. रोप उपटून पाहिलंत तर खाली पांढऱ्या, मांसल, बोटासारख्या जाड मुळ्या दिसतात. पाण्याचा साठा तिथे. आपल्या सह्याद्रीत याचीच भावंडं आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला आदिवासी बायका बाजारात आणतात ती फोडशीची भाजी याच कुळातली, आणि सफेद मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर चक्क बोरिवली आहे : क्लोरोफायटम बोरिविलिएनम. घट्ट सावलीत पांढऱ्या पट्ट्यांच्या जातीपेक्षा साधी हिरवी जात लावा. पट्ट्याच्या पानात हरितद्रव्य कमी, त्यामुळे अंधाऱ्या जागेत ती मागे पडते. दोन रोपांत एक वीत अंतर पुरतं. त्याच्या लोंबणाऱ्या दांड्यांवर पिल्लं येतात, ती मातीला टेकली की रुजतात आणि मोकळ्या जागा आपोआप भरतात.

दुसरा रिओ, बुटका. वरून हिरवं, खालून जांभळं पान. रस्त्याच्या दुभाजकांत हा सर्रास दिसतो, त्यामुळे लोक त्याला साधा समजून नाकं मुरडतात. पण झाडाच्या मुळांच्या जाळीत, चार इंच मातीत, पाण्याची पाळी चुकली तरी न कुरकुरता जगणारी रोपं फार थोडी आहेत, आणि रिओ त्यांत वरच्या नंबरावर आहे. वीस सेंटिमीटरवर लावला तर चौरस मीटरला 25 रोपं लागतात. अगदी काळोखात त्याचा जांभळा रंग फिकटतो, एवढंच. याचा रस काहींच्या कातडीला खाजतो; छाटणी करताना हातमोजे घालावेत.

स्प्रेंगेरी शतावरीचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. बारीक मऊ दिसणारा पाला, बारीक काटे आणि जमिनीत पाण्याने भरलेल्या गाठींचे घोस. आपल्या औषधी शतावरीचीच नातेवाईक. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तिथे झाडाखाली रिओची पानं कडेने वाळतात, पण स्प्रेंगेरी तग धरते. लहान मुलांच्या खेळायच्या जागेपाशी काट्यांमुळे नको.

लिरिओपे आणि मोंडो ग्रास दिसायला गवतासारखी, म्हणून "लॉनच हवं" असा आग्रह असलेल्यांसाठी चांगली तडजोड. नर्सरीत दोन्हींची नावं सर्रास एकमेकांना दिली जातात. रुंद पट्ट्याच्या पानाचं लिरिओपे कोरडं जास्त सोसतं. बुटकं काळपट-हिरवं मोंडो सावलीत सुंदर दिसतं, पण त्याला ओल लागते आणि ते फार हळू पसरतं. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत लावा, सोलापुरात त्यावर पैसे घालू नका.

स्नेक प्लांटची बुटकी, गुलाबाच्या आकाराची जात कोरड्या सावलीला अगदी योग्य, फक्त काळ्या मातीत पावसाळ्यात ती कुजते. तिच्यासाठी मुरूम किंवा जाड वाळू मिसळून माती थोडी उंच करावी. पानओवा अर्ध्या सावलीत, ओट्याच्या किंवा भिंतीच्या कडेला छान पसरतो, भज्यांनाही उपयोगी. आंब्याच्या पोटातल्या गडद सावलीत मात्र तो लांबुळका होऊन लोळतो. पानफुटी जगते खरी, पण एका पानापासून डझनभर रोपं होतात, तेव्हा कुंपणापलीकडे ती जाणार नाही याची काळजी तुमची.

सिंगोनियम आणि मनी प्लांट एकदा रुजले की जागा भराभर झाकतात, मुंबई-कोकणात विशेष. मनी प्लांट झाडावर चढू देऊ नका; खोडावर चढला की त्याची पानं सुपाएवढी होतात आणि मग तो उतरवणं अवघड. वर्षातून दोनदा बुंध्याभोवतीची वेल कापून घ्यावी. या दोघांचीही पानं चघळली तर तोंडाला आग होते, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असलेल्या घरांनी लक्षात ठेवावं.

आता झोपणाऱ्या गटाबद्दल, जो मला सगळ्यात जवळचा. भुईचाफा, मे फ्लॉवर आणि रानहळद. उन्हाळ्याच्या अखेरीस, जमीन अजून रखरखीत असताना भुईचाफ्याची जांभळट-पांढरी सुवासिक फुलं पानांशिवाय थेट मातीतून वर येतात. वळवाच्या सरींबरोबर मे फ्लॉवरचा लालभडक गोळा उभा राहतो. मग पावसाळाभर तिन्हींची रुंद पानं जमीन झाकतात आणि थंडीत पिवळी पडून नाहीशी होतात. जानेवारी ते एप्रिल या काळात यांना पाणी लागतच नाही, आणि कोरड्या सावलीतल्या बाकी रोपांचा जीव नेमका तेव्हाच जातो. थंडीत जागा ओकी दिसते म्हणून स्पायडर प्लांटच्या गुच्छांमधल्या फटींत हे कंद लावावेत. एक झोपलं की दुसरं दिसतं. माळीकाकांना मात्र कंदांची जागा दाखवून ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत कुदळ चालते. मे फ्लॉवरचा कंद विषारी असतो, हेही त्यांना सांगावं.

जागा मोठी असेल आणि गुडघाभर उंची चालत असेल तर दशमूळी आणि कोरांटी. दशमूळी सह्याद्रीतल्या झाडांखालची, थंडीत निळसर-जांभळी फुलं देणारी. दोन्ही नेहमीच्या नर्सरीत सहज मिळत नाहीत, देशी झाडांची रोपवाटिका शोधावी लागते, पण खटाटोप सार्थकी लागतो.

वेडेलिया लावू नका. पिवळ्या फुलांचा, झटपट पसरणारा म्हणून तो खपवला जातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परदेशी प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि घट्ट सावलीत तो फुलतही नाही.

नर्सरीत गेल्यावर "सावलीत चालेल का?" असं विचारू नका. नर्सरीतली निम्मी रोपं ग्रीन नेटखालीच असतात, त्यामुळे उत्तर "हो" येणार. "दादा, आठ दिवस पाणी मिळालं नाही तर यातलं कुठलं राहील?" असं विचारा. तिथली माणसं मग स्वतःहून दोन ट्रे बाजूला काढून देतात.

लावणी

एप्रिल-मेमध्ये फाटे आणि पिल्लं सावलीत पिशव्यांत लावून ठेवा, म्हणजे विकतची रोपं थोडी लागतात. जमिनीत लावायचं ते जूनच्या अखेरीस, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. ऑक्टोबरपर्यंत मुळं धरायला तीन महिने मिळतात. फेब्रुवारीत लावलेलं रोप जगवायला त्याच्या किमतीपेक्षा पाणीच जास्त लागतं.

सगळी जागा कुदळीने खणू नका, झाडाची मुळं तुटतात. खुरप्याने मुळांमधल्या फटी शोधा आणि तळहाताएवढे खड्डे घ्या. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं की खड्डा सरकवा. म्हणूनच मोठ्या पिशवीतल्या महागड्या रोपांपेक्षा लहान रोपं बरी. लाल मातीचा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून हाताने फोडा, अर्धी माती गळू द्या, गोल फिरलेली मुळं मोकळी करा. खड्ड्यात मूठभर कंपोस्ट पुरे.

झाडाखाली ट्रॉलीभर माती टाकून वाफा उंच करायचा मोह टाळा. मुळांवर एकदम सहा-आठ इंच भर पडली आणि माती बुंध्याला टेकली, की साल कुजते आणि झाडच आजारी पडतं. दोन इंच कंपोस्ट पसरायला हरकत नाही, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून.

आणि पालापाचोळा झाडू नका. झाडाने स्वतःच्या मुळांसाठी घातलेलं ते पांघरूण आपण पोत्यात भरून बाहेर पाठवतो आणि मग ओल टिकत नाही म्हणून तक्रार करतो. सोसायटीच्या सभेत "अस्वच्छ दिसतं" म्हणणारे असतातच. त्यांच्यासाठी कडेला विटांची एक ओळ लावा आणि पाला तिच्या आत ठेवा, नीटनेटकं दिसतं. आंब्याची पानं चिवट असतात, ती थोडी चुरगळून टाकली तर लवकर कुजतात. पावसाळ्यात या पाल्याखाली गोगलगायी जमतात, तेव्हा तो थर दोन-तीन इंचांपुरता ठेवा आणि संध्याकाळी गोगलगायी हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ मातीत टाकू नका.

बुंध्यापासूनचे दोन-तीन फूट आणि बांबूच्या बेटाचं पोट, इथे काहीही लावू नये. तिथे नुसता पाला राहू द्या, हवं तर एक बाक ठेवा.

पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर, प्रत्येक पट्ट्यातली दोन-तीन रोपं बुडाशी धरून हलकेच ओढून बघा. हाताला घट्ट लागली तर आठवड्याला एक पाळी पुरे. सैल लागली, गोळा हलला, तर त्या पट्ट्याला जानेवारीपर्यंत आठवड्याला दोन पाळ्या द्या आणि ज्या रोपांनी बाहेर एकही मूळ सोडलेलं नाही ती तेव्हाच काढून तिथे शेजारच्या स्पायडर प्लांटची पिल्लं टोचा. दिवाळीपर्यंतच्या उरल्यासुरल्या ओलीत ती सहज धरतात.